फी थोडी, खर्च मोठा : बेळगाव-निपाणी भागातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ कितीला पडलं?

जुन्या काळी कॉलेजचं शिक्षण जवळजवळ फुकट होतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की ज्येष्ठ मंडळीही हेच सांगतात. आणि थोड्या वेळानं तीच मंडळी असंही सांगतात की घरातल्या चार भावंडांपैकी एकालाच कॉलेजला घालता आलं, बाकीचे शेतात, दुकानात नाहीतर तंबाखूच्या वखारीत लागले. शिक्षण फुकट होतं, तर उरलेले तिघं का शिकले नाहीत? या टिपणात मी एवढ्याच प्रश्नाचा माग काढला आहे.

उत्तर आधीच थोडक्यात सांगून टाकतो. फी कमी असणं ही एक गोष्ट आणि शिक्षण परवडणं ही दुसरी. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात फी ही बहुतेक वेळा खर्चातली लहान बाब असते. राहणं, जेवण आणि घरातला एक कमावता हात कमी होणं, या मोठ्या बाबी. त्यांच्यासाठी कुणाची तरी मदत लागते. आणि आपल्या भागात ती मदत कुणाला मिळणार, हे १ नोव्हेंबर १९५६ नंतर बऱ्याच अंशी राज्याच्या हद्दीनं ठरवलं. त्यामुळे बेळगाव-निपाणीच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर नुसती कॉलेजांच्या स्थापनेची सनावळी पुरत नाही, घरखर्चाची वहीही उघडावी लागते.

खर्चाचे चार रकाने

जुन्या घरात ट्रंकेत कॉलेजच्या पावत्या सापडतात. त्यांच्यावर साधारण ठरलेले रकाने असतात : शिक्षण शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, परीक्षा फी, अनामत. मुंबई विद्यापीठाच्या काळात ही फी टर्मवार भरायची, म्हणून जुनी माणसं अजून ‘टर्म भरली’ असंच म्हणतात. हा झाला पहिला रकाना. तो लहान राहतो, कारण अनुदानित कॉलेजात मोठा खर्च प्राध्यापकांच्या पगाराचा असतो आणि तो मुख्यतः सरकार उचलतं. विद्यार्थी भरतो तो एकूण खर्चाचा एक तुकडा.

दुसरा रकाना राहण्या-जेवणाचा : खोलीचं भाडं, खानावळ, दिव्याचं तेल किंवा विजेचं बिल. तिसरा प्रवासाचा. चौथा रकाना कुठल्याच पावतीवर नसतो. अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजला गेला की शेतावर गडी लावावा लागतो, नाहीतर त्याची मजुरी बुडते. मुलीच्या बाबतीत घरकाम आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ कोण करणार, हा प्रश्न येतो. निपाणी भागात याला तंबाखूची आणखी एक गाठ होती. कॉलेजची टर्म जूनला सुरू व्हायची, तेव्हा घरात पैसा आहे की नाही हे तंबाखूला काय दर मिळाला आणि व्यापाऱ्याकडून रक्कम कधी सुटली यावर अवलंबून. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या हमरस्त्यावर तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्याची नोंद आपण शेतीच्या इतिहासात करतो. पण ज्या दरासाठी माणसं रस्त्यावर बसली, त्याच दरातनं पोरांची टर्म भरली जायची, हेही लक्षात ठेवायला हवं.

फुकट शिक्षणाची आठवण पहिल्या रकान्याची असते. न शिकलेल्या भावंडांचा हिशेब उरलेल्या तीन रकान्यांत सापडतो.

कॉलेज गावात नव्हतं तेव्हा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे इथला मुलगा पदवी घ्यायचा ती मुंबई विद्यापीठाची. पण विद्यापीठ परीक्षा घ्यायचं, शिकवायची कॉलेजं. आणि बेळगावात कॉलेज नव्हतं. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं, पुण्याचं फर्ग्युसन १८८५ चं, धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. १८८० च्या दशकात रेल्वे आली, बेळगावहून पुण्याला जाणं सोपं झालं. निपाणी मात्र आजही रेल्वेच्या नकाशावर नाही.

म्हणजे पदवी घ्यायची तर गाव सोडायचं. गाव सोडलं की दुसरा रकाना सुरू. गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांची सात घरं ठरलेली. कुणी माधुकरी मागायची. ही सोय जातीच्या आत होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, दलिताच्या मुलाला परगावी असं घर मिळणं कठीण होतं. त्याच्यासाठी फी माफ झाली तरी जेवायचं कुठं, हा प्रश्न उरायचाच.

बेळगाव शहरात पदवीचं शिक्षण सुरू झालं ते १९३३ साली, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या के.एल.ई. संस्थेच्या लिंगराज कॉलेजनं. १९३९ साली राजा लखमगौडा लॉ कॉलेज आलं, आणि १९४० च्या दशकात राणी पार्वतीदेवी कॉलेज. शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यातल्या मुलांचा दुसरा-तिसरा रकाना इथे एकदम खाली आला. सायकलवरनं, डबा घेऊन कॉलेज करता येऊ लागलं. माझ्या मते आपल्या भागात शिक्षण स्वस्त करणारी पहिली मोठी घटना फी-माफीची नव्हे, ती कॉलेज जवळ येण्याची.

बोर्डिंग हीच खरी शिष्यवृत्ती

ज्यांच्या गावाजवळ कॉलेज आलं नाही त्यांचं काय? त्यांना तारलं ते बोर्डिंगांनी. छत्रपती शाहू महाराजांनी जेवण-निवाऱ्याचा प्रश्न आधी ओळखला. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांचीही वसतिगृहं उभी राहिली. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात राहिले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवलं. १९४७ साली साताऱ्याला निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज याच विचाराचं. श्रमाच्या बदल्यात शिक्षण, म्हणजे दुसरा आणि चौथा रकाना एकमेकांत वळता करून टाकायचा.

आपल्या जिल्ह्याचा याच्याशी थेट धागा आहे. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तिथे त्यांच्या संपर्कात आलेले निपाणीचे बळवंत हणमंतराव वराळे पुढे त्यांचे विश्वासू सहकारी झाले. १९२८ साली बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी शिक्षण संस्था काढली. पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे यांच्याबरोबर धारवाडलाही तिचं वसतिगृह झालं, आणि वराळ्यांनी त्याचं अधीक्षकपद सांभाळलं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सांगाती’ हे आठवणींचं पुस्तक याच वराळ्यांचं. आपल्याकडे बाबासाहेबांच्या निपाणी-भेटीचा उल्लेख होतो तो सभेपुरता. त्या भेटीतनं धारवाडला मुलांना दोन वेळचं जेवण मिळू लागलं, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

जिल्ह्याच्या पूर्व भागात आणखी एक मोठं नाव आहे, शिरसंगीचे लिंगराज देसाई. १९०६ साली ते वारले, आणि आपली मालमत्ता त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्या ट्रस्टच्या मदतीवर लिंगायत समाजातल्या कितीतरी मुलांनी उच्च शिक्षण घेतलं. लिंगराज कॉलेजचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं आणि निपाणी इंग्रजी मुलखात. म्हणजे निपाणी आणि कागल यांच्यामध्ये हद्द तेव्हाही होती. पण बोर्डिंगच्या दारात मुलाची जात आणि गरज विचारली जायची. त्याचं गाव कुठल्या सरकारच्या नकाशात आहे, यावर त्याचं जेवण अडत नसे. पुढे नेमकं हेच बदललं.

विद्यापीठं जवळ आली आणि हद्द मध्ये आली

१९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि १९५० मध्ये धारवाडला स्थिरावलं. बेळगावची कॉलेजं मुंबईकडून त्याच्याकडे गेली. त्याच १९४९ साली पुणे विद्यापीठ निघालं आणि कोल्हापूरची कॉलेजं त्याच्या कक्षेत आली. धारवाड बेळगावहून ७५-८० किलोमीटर. एम.ए., एम.एस्सी.साठी मुंबई गाठण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं होतं. विद्यापीठाची उभारणी केली ते कुलगुरू डी. सी. पावटे आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात ठेवून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू इतिहासकार आप्पासाहेब पवार. ‘कमवा आणि शिका’ योजना त्या विद्यापीठानंही चालवली.

आता निपाणीत उभं राहून पाहा. कोल्हापूरचं विद्यापीठ सुमारे ४० किलोमीटरवर, धारवाडचं सुमारे १५०. जवळचं विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, आपल्या राज्याचं विद्यापीठ लांब. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली होती, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवायचं म्हटलं होतं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला आणि प्रत्यक्षात काहीच हललं नाही. प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. मला त्याचा फक्त वहीतला परिणाम पाहायचा आहे.

चंदगडचा पोरगा आणि निपाणीचा पोरगा

तो परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो ई.बी.सी. सवलतीत. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यानं आर्थिकदृष्ट्या मागासवर्गाची ही योजना आणली. वार्षिक उत्पन्न आधी ९०० रुपयांच्या आणि लवकरच १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ. जात कुठलीही असो. बाळासाहेब देसाईंचं नाव शिक्षणमंत्री म्हणून या योजनेशी जोडलं जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी घरातली पहिली पदवीधर पिढी घडवण्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे. त्या भागात आजही जुनी माणसं आपण ‘ईबीसीवर शिकलो’ असं सांगतात.

आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एक चंदगड तालुक्यातला, दुसरा निपाणीजवळच्या खेड्यातला. दोघांच्या घरी चार-पाच एकर, दोघांची भाषा मराठी. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दोघांचा जिल्हा एक, बेळगाव. तीन वर्षांनी फी-माफी आली तेव्हा चंदगडचा पोरगा तिच्या कक्षेत होता. निपाणीचा पोरगा दुसऱ्या राज्याचा रहिवासी झाला होता, आणि त्याच्या बेळगावच्या कॉलेजात ही योजना आलीच नाही. म्हैसूर राज्याच्या शिष्यवृत्त्या होत्या, पण त्यांचे निकष वेगळे, वर्गवारी वेगळी. गरिबी सारखी असून कागद बदलला.

त्या वेळेपासून आपल्या भागात एक कागद फीच्या पावतीपेक्षा महत्त्वाचा होऊन बसला : उत्पन्नाचा दाखला, आणि त्याला जोडून रहिवासाचा दाखला. एका बाजूला नाडकचेरी, दुसऱ्या बाजूला तहसील आणि आता सेतू केंद्र. मुलगा कुठे शिकतो यापेक्षा त्याचा दाखला कुठला, यावर खर्च ठरू लागला.

अर्जुननगरचा तोडगा

लोकांनी यावर आपल्या परीनं वाट काढली. तिचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. साठच्या दशकाच्या आरंभी जनता शिक्षण मंडळानं ते उभं केलं. देवचंद शहांचं नाव त्याला आहे. कॉलेज निपाणीला लागून, पण जागा कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. संलग्नता शिवाजी विद्यापीठाची. निपाणीचा विद्यार्थी घरी जेवून चालत कॉलेजला जातो आणि वाटेत राज्य बदलतो.

वहीच्या भाषेत सांगायचं तर या कॉलेजनं दुसरा आणि तिसरा रकाना जवळजवळ पुसून टाकला. मराठीतनं शिकण्याची सोय झाली ती वेगळीच. विशेषतः मुलींच्या बाबतीत याचं मोल मोठं आहे. परगावी खोली घेऊन राहायला परवानगी न देणारं घर, संध्याकाळी परत येणाऱ्या मुलीला कॉलेज करू देतं.

मात्र एक छोटा रकाना नव्यानं वाढला. कर्नाटकातनं एसएसएलसी किंवा पीयूसी झालेल्या मुलाला महाराष्ट्रातल्या बोर्डात किंवा विद्यापीठात जाताना पात्रता प्रमाणपत्र लागतं, स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. त्यांची फी, त्यासाठी मारलेले हेलपाटे, आणि कागद वेळेत न आल्याची धाकधूक, हा खर्च फक्त सीमेवरच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. पुण्या-बंगळूरच्या विद्यार्थ्याला तो माहीतही नसतो.

हद्द कधी फायद्याचीही

हद्दीमुळे नेहमी तोटाच झाला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी कॉलेजं लवकर वाढली. महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर ती १९८३ नंतर फोफावली. कर्नाटक सरकारनं जून १९८९ मध्ये खाजगी वैद्यकीय कॉलेजांच्या फीची अधिसूचना काढली. तिच्यात तीन दर होते : सरकारी कोट्यातल्या जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना जास्तीत जास्त ६०,०००. याच अधिसूचनेवरून मोहिनी जैन खटला उभा राहिला आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा निकाल दिला. राज्याची हद्द रुपयांत मोजून दाखवणारा इतका उघड कागद दुसरा मी पाहिलेला नाही. त्या तक्त्यात बेळगाव-निपाणीचा मुलगा आतल्या बाजूला होता, आणि थोड्याच मैलांवरचा कागलचा मुलगा बाहेरच्या.

वर्गवारीचंही तसंच. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-ब गटात धरला जातो. महाराष्ट्रात त्याच समाजाला २०१८ चा कायदा, २०२१ मध्ये तो रद्द होणं आणि २०२४ चा नवा कायदा, एवढा प्रवास करावा लागला. सोयरिकी हद्दीच्या दोन्ही बाजूंना, पण मामेभाऊ एका वर्गात आणि आतेभाऊ दुसऱ्या.

हद्द न मानणारी मदत

मदतीचे आपण तीन प्रकार पाडू शकतो. समाजाची मदत, म्हणजे बोर्डिंग आणि ट्रस्ट. राज्याची मदत, म्हणजे ई.बी.सी.सारख्या सवलती. आणि केंद्राची मदत. पहिली आणि तिसरी हद्द ओलांडून जाते, दुसरी हद्दीवर थांबते.

केंद्राच्या मदतीत सगळ्यात जुनी योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ती १९४४ साली सुरू झाली. ती विद्यार्थ्याच्या मूळ राज्याकडून मिळते आणि तो दुसऱ्या राज्यात शिकायला गेला तरी चालते. शिवाय तिच्यात फीबरोबर निर्वाहभत्ताही धरलेला असतो, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही रकान्यांचा विचार आहे. पैसे वेळेवर पोचणं हा भाग वेगळा, पण रचना शहाणपणाची आहे.

दुसरी योजना निपाणीच्या खास जवळची. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्या निधीतनं विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. ज्या गावात विडी-तंबाखूच्या कामावर बायकांचे संसार चालले, तिथे या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि आईचं विडी कामगार म्हणून असलेलं ओळखपत्र ही इतिहासाची साधनं आहेत. ज्या बाईचं नाव कामगार म्हणून कुठे नोंदलेलंच नाही, तिच्या मुलाला ही मदत नाही. म्हणजे कामगार म्हणून नोंद होण्याची लढाई आणि मुलाच्या कॉलेजचा खर्च या दोन गोष्टी एकाच कार्डावर येऊन मिळतात.

भिंतीतल्या खिडक्या

पुढे दोन्ही राज्यांनी आपापल्या नियमांत खिडक्या ठेवल्या. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात ‘ई’ प्रकारची उमेदवारी आहे : वादग्रस्त सीमाभागातनं दहावी किंवा बारावी झालेला, मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी. महाराष्ट्र ८६५ गावांवर दावा सांगतो, तो सीमाभाग. कर्नाटकाच्या सीईटीतही तशीच खिडकी आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांतल्या कन्नड मुलांना ‘गडिनाडु कन्नडिग’ म्हणून अर्ज करता येतो. दोन्ही सरकारं न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी आहेत, आणि प्रवेशाच्या पुस्तिकेत मात्र दोघांनी एकसारखंच कलम घातलं आहे.

पण खिडकीतनं प्रवेश मिळतो, तेवढ्यानं खर्च सुटत नाही. फी-सवलतीचा अर्ज महाराष्ट्रात महाडीबीटीवर आणि कर्नाटकात एसएसपीवर, आणि प्रत्येक ठिकाणी आपापल्या राज्याचा दाखला हवा. महाराष्ट्रानं चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत, बेळगावच्या वेशीवर, सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक संकुलाची घोषणा केली. ती कल्पना मुळात अर्जुननगरचीच आहे : विद्यार्थ्याला हद्द ओलांडायला लावण्यापेक्षा कॉलेजच हद्दीवर आणायचं.

आजचा हिशेब

१९८२ साली कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र बेळगावात आलं आणि २०१० साली त्यातनं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. बेळगाव, बागलकोट आणि विजापूर जिल्ह्यांसाठी स्थापन झालेलं हे विद्यापीठ पुणे-बंगळूर रस्त्यावर भुतरामनहट्टीला आहे. निपाणीहून ५०-६० किलोमीटर. धारवाडच्या मानानं अंतर निम्म्याहून कमी झालं.

दुसरीकडे पहिला रकाना आता पूर्वीइतका लहान राहिलेला नाही. १९९२-९३ च्या पुन्नय्या समितीनं विद्यापीठांनी आपल्या चालू खर्चाचा आधी १५ आणि पुढे २५ टक्के भाग स्वतः उभा करावा असं सुचवलं. त्यानंतरच्या काळात सरकारी विद्यापीठांतही स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढले. एकाच इमारतीत शेजारच्या दोन वर्गांची फी आज कितीतरी पट वेगळी असू शकते.

सरकारांनाही उरलेले रकाने उशिरा का होईना दिसू लागले आहेत. कर्नाटकाची ‘विद्यासिरी’ योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी दरमहा मदत देते. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातल्या स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट स्त्रियांना निम्मं झालं. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली.

म्हणून निपाणीतल्या मुलीच्या घरी जून महिन्यात जो हिशेब होतो तो असा : अर्जुननगरला चालत जावं आणि पात्रतेचे कागद जमवावेत, की मोफत बसनं चिकोडी-बेळगाव गाठावं, की कोल्हापूरला चांगला विषय मिळतो म्हणून खोली घ्यावी? फी-माफी कुठल्या दाखल्यावर मिळेल? भाषा कुठली? सत्तर वर्षांपूर्वी आखलेली रेघ आजही दरवर्षी अशा हिशेबात येऊन बसते.

कागद टाकू नका

मंडळाच्या वाचकांना विनंती आहे. घर आवरताना वडिलांची पदवी आपण फ्रेम करतो आणि बाकीचे कागद रद्दीत घालतो. पण पदवीवरनं फक्त एवढंच कळतं की तो माणूस शिकला. तो कसा शिकू शकला, हे सांगणारे कागद वेगळे आहेत. फीची पावती, खानावळीची वही, बोर्डिंगच्या प्रवेशाचं पत्र, एसटीचा विद्यार्थी पास, ट्रस्टच्या मदतीचं पत्र, उत्पन्नाचा दाखला, नामंजूर झालेला अर्ज. नामंजूर अर्ज तर खास जपा, कारण न शिकलेल्या भावंडाचा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला असतो.

कागदाचा फोटो काढताना मागची बाजूही घ्या. पावतीच्या पाठीवर पैसे कुणाकडून उसने आणले त्याचा आकडा बरेचदा पेन्सिलीनं लिहिलेला असतो. आपल्याला हवा असलेला इतिहास पुष्कळदा त्या बाजूला असतो.